बंपर, ट्रॅक्टरचा

ट्रॅक्टरच्या तोंडापुढे बोल्टने बसवलेली पोलादी चौकट. धडक, बांध, झाडाचा बुंधा किंवा पुढच्या ट्रॉलीचा मागचा भाग यांपासून रेडिएटर, जाळी आणि दिवे वाचवणे हे तिचे मुख्य काम. पुढच्या भागाला थोडे वजन देणे आणि रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढताना साखळी अडकवायला जागा देणे ही तिची दुय्यम कामे. ट्रॅक्टर विकताना टूल, टॉपलिंक, हुक, ड्रॉबार आणि हूड यांच्याबरोबर बंपरचेही नाव घेतले जाते. काही बंपर कंपनीकडून येतात, पुष्कळसे मात्र नंतर वेल्डिंगच्या दुकानात करून घेतलेले असतात. ही नोंद मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या बंपरच्या जोडणीविषयी आहे.

प्रदेश व वापर : ही नोंद कमठाणा परिसरातल्या वापराला धरून आहे. कमठाणा हे कर्नाटकातील बीदर तालुक्यातले गाव. बीदर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत त्याचा बीदरकडचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेला आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मराठी मुलखाकडे आला. त्यामुळे बीदर-कलबुर्गी पट्ट्यात मराठी, कन्नड व दखनी एकमेकींत मिसळून बोलल्या जातात आणि ‘बंपर’ हा शब्द तिन्हींत तसाच चालतो. पठारावर तांबडी जांभ्याची जमीन, तर खाली मांजरा आणि कारंजा नद्यांच्या खोऱ्यांत काळी रेगूर माती आहे. तूर, सोयाबीन, उडीद, ज्वारी आणि ऊस ही इथली पिके. हंगामात इमामपूर आणि हुंजी येथील सहकारी साखर कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या जातात. बंपरवर सर्वाधिक ताण याच काळात येतो, कारण मागे भरलेली ट्रॉली, खाली खड्ड्यांचा रस्ता आणि कारखान्याच्या आवारात एकाला एक लागून उभी वाहने असतात. पावसाळ्यात काळ्या रानात चाके रुतली की याच बंपरला साखळी लागते.

एटीव्ही या नावाने ओळखली जाणारी छोटी चारचाकी रानगाडी या भागात शेतीकामाला क्वचितच दिसते. उत्तर अमेरिकेत ही गाडी शेतावर जे काम करते, ते इथे ट्रॅक्टरचे हेड, म्हणजे ट्रॉलीविना नुसता ट्रॅक्टर, करते. एटीव्हीच्या बंपरचा फरक पुढे दिला आहे.

रचना : बंपरचे तीन भाग असतात. पुढची आडवी पट्टी किंवा पाइप धक्का झेलतो. उभे दांडे जाळी व दिव्यांपुढे आडोसा करतात. मागच्या बाजूचे दोन कंस (ब्रॅकेट) सगळा भार ट्रॅक्टरवर उतरवतात. यासाठी सी चॅनेल, फ्लॅट पट्टी, चौकोनी किंवा गोल पाइप वापरतात. बांधकामी पोलादासाठी आयएस २०६२, गोल नळ्यांसाठी आयएस ११६१ आणि चौकोनी नळ्यांसाठी आयएस ४९२३ ही भारतीय मानके आहेत. जाड पट्टीचा बंपर मजबूत दिसतो, पण त्याची खरी ताकद कंस आणि बोल्ट यांच्यात असते.

आधाराची जागा : मोटार किंवा ट्रकला चासी असते, शेतीच्या बहुतेक ट्रॅक्टरला ती नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअर बॉक्स आणि मागचा आस एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचाच कणा होतो. या कण्याच्या पुढच्या टोकाला बिडाचा ओतीव आधारकंस असतो. पुढचा आस त्याच्याखाली मधल्या खिळीवर डुलतो आणि पुढची वजनेही त्याच्यावरच लागतात. बंपर बसवायची जागा हीच, आणि त्यासाठी कंपनीने पाडलेली आटेदार भोकेच वापरावीत. रेडिएटरची चौकट, बॉनेटचा पत्रा किंवा दिव्याचा कंस यांना बंपर अडकवला तर पहिल्याच धक्क्याला तो ज्यांचे रक्षण करायचे त्यांनाच मोडतो.

आधारकंसाला वेल्डिंग करू नये. बीड सहज टिचते. नेहमीच्या रॉडने भर दिला की जोडाशेजारचा भाग कडक व ठिसूळ होतो आणि पुढे तिथूनच तडा जातो. नवे भोक पाडणेही तितकेच घातक. वेल्डिंग बंपर आणि त्याच्या पोलादी कंसापुरते ठेवावे. तेही शक्यतो बंपर खाली उतरवून करावे. मापासाठी ट्रॅक्टरवर टॅक मारावाच लागला तर आधी बॅटरीची तार काढावी, नाहीतर अल्टरनेटर आणि नव्या ट्रॅक्टरांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जळू शकतात.

भाराचे गणित : ५० किलोचा बंपर बोल्टांच्या जागेपासून सरासरी ४० सेंमी. पुढे लोंबत असेल, तर उभ्या ट्रॅक्टरवरही सुमारे २०० न्यूटन-मीटर पीळ पडतो. वरचे आणि खालचे बोल्ट १० सेंमी. अंतरावर असतील, तर वरच्या रांगेवर सुमारे २०० किलोची ओढ येते. खड्ड्यात आदळताना ती कित्येक पटींनी वाढते. म्हणून बोल्टांमधले उभे अंतर जितके जास्त आणि बंपर ट्रॅक्टरच्या जितका जवळ, तितकी जोडणी टिकाऊ. पुढे लोंबते वजन पुढच्या आसावर स्वतःच्या वजनाहून जास्त भार टाकते. आसांमध्ये २ मी. अंतर असलेल्या ट्रॅक्टरवर पुढच्या आसाच्या ६० सेंमी. पुढे ५० किलो टांगले, तर पुढचा आस ६५ किलोंनी जड होतो आणि मागचा १५ किलोंनी हलका. भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टर पुढून उठू नये म्हणून हा भार थोडाफार कामी येतो. तरी त्यासाठी कंपनीची पुढची वजनेच योग्य, कारण ती आधारकंसाला लगटून बसतात आणि कमीजास्त करता येतात.

बोल्ट : डोक्यावर ८.८ हा आकडा असलेला बोल्ट घ्यावा. त्यातला पहिला ८ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल, आणि त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० मेगापास्कलला बोल्ट कायमचा ताणला जातो. आकडा नसलेल्या बोल्टचा भरवसा धरू नये. बोल्टांसाठी आयएस १३६७ हे मानक आहे. ८.८ दर्जाचा १२ मिमी. बोल्ट साधारण ८० आणि १६ मिमी. बोल्ट साधारण २०० न्यूटन-मीटरला आवळतात. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. टॉर्क पान्हा नसेल तर अर्धा मीटर लांब पान्ह्याच्या टोकाला अनुक्रमे १६ आणि ४० किलोंचा जोर, असा अंदाज घेता येतो. आट्यांना ग्रीस लावलेले असेल तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

सर्वांत जास्त चुका बोल्टच्या लांबीत होतात. आधारकंस आणि बोल्टचे डोके यांच्यामध्ये १२ मिमी. जाड कंस आला की जुना बोल्ट तेवढाच कमी आत जातो. बिडात बोल्टचे आटे व्यासाच्या सव्वा ते दीडपट तरी धरले पाहिजेत, म्हणजे १६ मिमी. बोल्ट २० ते २४ मिमी. आत हवा. उलट बोल्ट गरजेपेक्षा लांब असेल तर तो बंद भोकाच्या तळाला टेकतो. हाताला तो घट्ट लागतो, पण कंस सैलच राहतो. आणखी जोर दिला की आटे मरतात.

जोडणीचा क्रम : आधारकंसाचा गंज, चिखल आणि कंस टेकणाऱ्या जागेवरचा जाड रंग खरवडून काढावा. रंगाचा थर दबला की बोल्ट सैल पडतो. बंपर जॅकवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर तोलून धरावा आणि सगळे बोल्ट आधी हातानेच लावावेत. एखादे भोक जुळत नसेल तर बोल्ट ठोकून घालू नये. बंपरच्या कंसाचे भोक लांबट करावे आणि त्यावर जाड वॉशर टाकावा. मग बंपर मध्यावर आणून बोल्ट आडव्या-तिरक्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. आरपार बोल्टला नायलॉनचा लॉकनट लावावा आणि नटाबाहेर किमान दोन आटे दिसू द्यावेत. शेवटी बोल्टचे डोके व कंस यांवरून रंगाची एक रेघ ओढावी. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

यानंतर पुढची चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावीत. एक चाक ठोकळ्यावर चढवून आस डुलला तरी टायर बंपरला घासत नाही, याची खात्री करावी. बॉनेट पूर्ण उघडले पाहिजे, जाळी हाताने साफ करता आली पाहिजे आणि रेडिएटरकडे जाणारी हवा पट्ट्यांनी अडता कामा नये. पाइपची तोंडे बंद करावीत आणि टोके गोल ठेवावीत. ओढण्याचा हुक बंपरच्या पाइपला नको. तो थेट आधारकंसाशी जोडलेल्या जाड पट्टीला असावा.

एटीव्हीवरील फरक : एटीव्हीला नळ्यांची चौकट असते. तिच्या पातळ नळीला भोक पाडले की ती तिथेच वाकते, म्हणून बंपर कंपनीच्या कानांना किंवा नळीला मिठी मारणाऱ्या शिकंज्यांनी बसवतात. शिकंजा खालच्या आणि वरच्या अशा दोन ठिकाणी हवा. एकाच नळीवरचा बंपर धक्क्याने फिरतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलात बदल होईल असा फेरफार करता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून मोटारींवरील क्रॅश गार्ड व बुलबार यांविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले. पादचाऱ्यांना आणि गाडीतील प्रवाशांना त्यांपासून धोका आहे, हे त्यामागचे कारण. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रु. दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच. म्हणून कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला बंपर घेणे सर्वांत सुरक्षित. कोणताही बंपर नंबरप्लेट, दिवे आणि इंडिकेटर झाकणारा नसावा.

देखभाल : पहिल्या ८–१० तासांच्या कामानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. पुढे हंगामात इंजिन ऑइल पाहताना रंगाच्या रेघाही पाहाव्यात. कंसाच्या कोपऱ्यात गंजाची बारीक रेघ दिसली तर ती बहुधा तड्याची सुरुवात असते. वाकलेला बंपर दुकानात सरळ होतो आणि तुटलेला बोल्ट नवा मिळतो. आधारकंस टिचला तर मात्र इंजिनखाली टेकू देऊन पुढचा आस काढावा लागतो आणि ट्रॅक्टरचे सगळे तोंड खोलावे लागते.