सर्व्हर बदलला आणि मराठी फुटली

वेबसाइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली की जे दोष निघतात, ते बहुतेक आरडाओरडा करत येतात. पाचशे क्रमांकाची एरर येते, चित्रे गायब होतात (विंडोजवर फाइलच्या नावातले लहान-मोठे रोमन अक्षर एकच, लिनक्सवर ते वेगळे), किंवा अर्ध्या गावाला जुनी साइट दिसते आणि अर्ध्याला नवी, कारण डीएनएसचा जुना पत्ता ठिकठिकाणी साठवलेला असतो. हे सारे दोन-चार दिवसांत मार्गी लागते. मराठी साइटचे खरे दुखणे वेगळे. पान व्यवस्थित उघडते, फक्त त्यावर मराठी नसते. डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची रांगच्या रांग, मध्ये येनची, युरोची, अंशाची चिन्हे. मालक नव्या होस्टिंगवाल्याला शिव्या घालतो. त्या बहुधा चुकीच्या पत्त्यावर जातात.

चूक पंधरा-वीस वर्षांपूर्वीच झालेली असते. मायएसक्यूएल हा डेटाबेस १९९५ साली स्वीडनमधल्या कंपनीत जन्मला. त्याची मूळ लिपी लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपची, आणि शब्द लावायचा क्रम चक्क स्वीडिश. २००४ च्या ४.१ आवृत्तीत त्याला युनिकोड कळू लागले, पण वेगळे सांगितले नाही तर लॅटिन-१ हीच रीत २०१८ मधल्या ८.० पर्यंत टिकली. नेमक्या याच काळात मराठी लोक फॉन्टाफॉन्टांच्या जंजाळातून सुटून युनिकोडमध्ये लिहू लागले होते. ब्राउझर मराठी यूटीएफ-८ मध्ये पाठवी, प्रत्येक अक्षराला तीन बाइट. डेटाबेस ते तीन बाइट तीन युरोपीय अक्षरे समजून ठेवी आणि मागितल्यावर तसेच परत देई. ब्राउझर पुन्हा त्यांचे मराठी करी. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत. सगळे सुरळीत चाले, म्हणून कुणी बघितले नाही.

नवा सर्व्हर शहाणा असतो. तो जोडणीच यूटीएफ-८ मध्ये करतो. डेटाबेस म्हणतो, माझ्याकडे लॅटिन-१ आहे, थांबा, रूपांतर करून देतो. तो प्रामाणिकपणे रूपांतर करतो आणि 'मराठी' फुटते. 'म'चा शेवटचा बाइट नोंदणीकृत ट्रेडमार्कचे चिन्ह होतो, 'र'चा अंशाचे, काना म्हणजे पाऊण, दीर्घ वेलांटी म्हणजे येन आणि युरो शेजारी शेजारी.

इथवर काही बिघडलेले नाही. बाइट शाबूत आहेत, फक्त त्यांच्यावरची चिठ्ठी चुकीची आहे. जुन्या सर्व्हरवरून डंप घेतानाच लॅटिन-१ म्हणून घ्यावा, म्हणजे रूपांतर होत नाही. मग फाइलमधले लॅटिन-१ चे उल्लेख यूटीएफ८एमबी४ असे बदलून नवीकडे चढवावा. किंवा रकाना आधी ब्लॉब करावा, म्हणजे डेटाबेस अर्थ लावायचे सोडतो, आणि मग यूटीएफ८एमबी४ करावा. तासाभराचे काम. अट एकच, जुना सर्व्हर अजून चालू हवा. भाडे वाचवायला तो लगेच बंद करण्याची घाई मला कधीच समजलेली नाही.

नुकसान होते ते दुरुस्तीच्या उत्साहात. कुणीतरी फुटलेला डंप साध्या संपादकात उघडतो, विंडोजच्या पश्चिम युरोपीय कोष्टकातून जतन करतो. या कोष्टकात पाच जागा रिकाम्या आहेत. मायएसक्यूएल आपल्या लॅटिन-१ मध्ये त्या जपतो, इतर साधने तिथे प्रश्नचिन्ह टाकून मोकळी होतात. आता आपल्या लिपीतले कोण त्या पाच जागांवर राहते पाहा: चंद्रबिंदू, ए, ऐ, झ, ऱ्हस्व उकार आणि पाय मोडायचे चिन्ह. म्हणजे सगळी जोडाक्षरे. 'महाराष्ट्र' या एका शब्दात दोन प्रश्नचिन्हे. 'ठ'ची गत आणखी मजेशीर. त्याचा शेवटचा बाइट न तुटणारी मोकळी जागा म्हणून वाचला जातो, आणि संपादक ती साध्या जागेत बदलतात. पण 'ठ' परत मिळवता येतो, कारण आधीच्या दोन बाइटांपाठोपाठ मोकळी जागा दिसली की तिथे दुसरे कुणी असूच शकत नाही.

उकार आणि पायमोडक्याचे तसे नाही. दोघांचे आधीचे दोन बाइट सारखे आणि तिसरा प्रश्नचिन्ह. 'त्याचा'चा 'तुयाचा' होणार नाही हे शब्दसंग्रहाला विचारून यंत्र ठरवील. पण प, प्रश्नचिन्ह, र, ती असे उरले, तर ते 'प्रती' होते की 'पुरती', हे पुढचे-मागचे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. आणि त्या वाक्यातही जागोजागी प्रश्नचिन्हेच असतात.