संत्र्याची जेली व हेस्सेबाई

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें जेलीविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु काटोलांत संत्र्यांस तोटा नाहीं, आणि त्यांच्या रसाची जेली घट्ट न बसल्यामुळें आपल्या किती भगिनींचा ऐन सणांत हिरमोड होतो, हें मीं पाहिलें आहे. एका ईस्टरच्या भोजनास तर जेली सरबताप्रमाणें प्यावी लागली. दोष स्वयंपाकिणीचा नव्हता, जिलेटिनचा होता.

जिलेटिन जनावरांच्या हाडांतून व कातड्यांतून निघतें. हाडें वाफेच्या दाबाखालीं मऊ करण्याचें बंद पात्र देनी पापँ या फ्रेंच पंडितानें १६८१ सालीं प्रसिद्ध केलें. थंड युरोपांत जिलेटिन उत्तम बसतें. परंतु तें ३५ अंश सेल्सियसच्या आंतच वितळतें, आणि आपल्याकडे एप्रिलांत पारा चाळिशी ओलांडतो. फ्रिजमधून बाहेर काढलें कीं संपलें!

हीच अडचण १८८१ सालच्या उन्हाळ्यांत जर्मनींतील डॉक्टर वाल्थर हेस्से यांस आली. हवेंतील जंतु वाढवून पाहण्यासाठीं ते जिलेटिनचा थर देत; तो उष्म्यानें वितळे, शिवाय कित्येक जंतूच त्याचें पाणी करीत. तुझ्या जेल्या उन्हाळ्यांतही कशा टिकतात, असें त्यांनीं पत्नीस विचारलें. फॅनी हेस्से यांनीं अगरचें नांव सांगितलें. जावा बेटांत राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून त्यांस तें कळलें होतें. डॉक्टरांनीं ही युक्ति रॉबर्ट कॉक यांस कळविली. कॉक यांनीं १८८२ मध्यें क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, त्यांत अगरचा उल्लेख एका वाक्यांत आला; हेस्से दांपत्याचें नांव मात्र आलें नाहीं. मला हें अजून खटकतें. रोगजंतूंच्या परीक्षेसाठीं काचेच्या बशींत आजही हाच थर देतात, आणि तो एका गृहिणीच्या स्वयंपाकघरांतून आलेला आहे.

आपला किराणा दुकानदार ज्यास चायना ग्रास म्हणतो, तेंच हें अगर. नांवांत गवत असलें तरी तें समुद्रांतील शेवाळापासून होतें. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही तें काढतात. तें चाळीस अंशांच्या आंत गोठतें, पण एकदां गोठलें कीं सुमारें ८५ अंशांपर्यंत वितळत नाहीं. शाकाहारी शेजाऱ्यांसही तें निःशंकपणें देतां येतें, ही सोय कांहीं लहान नव्हे.

पाणी व रस मिळून एक लिटर असल्यास सुमारें १० ग्रॅम चायना ग्रास पुरतें. तें भिजवून, नुसत्या पाण्यांत तंतु दिसेनासे होईपर्यंत उकळावें व साखर घालावी. संत्र्याचा रस चुलीवर चढवूं नये; आंबटपणा व उकळी एकत्र आली कीं चायना ग्रासचें बळ जातें. भांडें उतरल्यावरच रस मिसळावा, तोही फ्रिजमधला थंडगार नको, नाहीं तर गांठी होतात. बिया व पांढरे दोर आधींच काढावे, आणि रस ताजाच घ्यावा, कारण आपल्या संत्र्याचा रस ठेवला असतां कडवट होतो. नाताळास आंबिया बहाराचीं फळें असतात; ईस्टर लवकर आला तर मृग बहाराचींही मिळतात.