दिनविशेष : २१ ऑक्टोबर
सम्राट कार्ल आणि झिटा यांचा विवाह (१९११)

संतपुरुषांचे सण कॅथलिक चर्च सहसा त्यांच्या मृत्युदिनी पाळते. ऑस्ट्रियाचे शेवटचे सम्राट कार्ल यांचा सण मात्र त्यांच्या लग्नाच्या तारखेला येतो. १९११ साली आजच्या दिवशी श्वार्झाऊ येथील वाड्यात त्यांनी बूर्बों-पार्मा घराण्यातील झिटाशी विवाह केला. पतिधर्माचा याहून मोठा गौरव कोणता? १९१६ साली ते गादीवर आले, दोन वर्षांतच साम्राज्य कोसळले आणि अखेर मदीरा बेटावर हद्दपारी नशिबी आली. तेथे पैशांची चणचण होती. न्यूमोनियाने १ एप्रिल १९२२ रोजी कार्ल गेले तेव्हा ते अवघे ३४ वर्षांचे होते. उशाशी बसलेल्या झिटाच्या पोटात आठवे मूल होते. तिने पुन्हा लग्न केले नाही; १९८९ साली वयाच्या ९६ व्या वर्षी डोळे मिटेपर्यंत काळी वस्त्रेच नेसली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये कार्ल यांना ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. त्यांचा देह मदीरात आहे, झिटाचा व्हिएन्नात. दोघांची हृदये मात्र स्वित्झर्लंडमधील मुरीच्या मठात एकाच ठिकाणी ठेवली आहेत.