कॉनेल्सव्हिलच्या गॅरेजात दोन तास

टोपी घट्ट धरा, नाहीतर पुढच्या खड्ड्याला ती गेलीच म्हणून समजा. ऑगस्ट 1918. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ मुलखात एका उघड्या मोटारीच्या मागच्या सीटवर तुम्ही दोन वळकट्यांच्या मध्ये अडकून बसला आहात. पुढच्या गाडीची धूळ थेट तुमच्या तोंडात येते. ती दातांखाली करकरते, मानेवरच्या घामात कालवली जाते, आणि थुंकायला बाजूला वळावं तर तेवढ्यात चाक खड्ड्यात जाऊन कपाळ समोरच्या सीटवर आपटतं.

पाठीमागे तंबू, खाटा, भांडीकुंडी, लोणी, अंडी आणि आचारी घेऊन फोर्डचे ट्रक येताहेत. त्यांच्या चाकांचे लाकडी आरे उन्हानं वाळले आहेत, वळणावर ते कुरकुरतात. टायर अरुंद आणि आत हवा ठासून भरलेली, त्यामुळे प्रत्येक दगड पाठीच्या मणक्यापर्यंत पोचतो. रापलेलं रबर, जळकं तेल आणि पेट्रोल यांचा एकत्र वास नाकात इतका भिनतो की शेजारच्या रानाचा वास येईनासा होतो.

बसलंय कोण कोण, ते बघा. पुढे, जिथे हादरे सरळ अंगावर येतात त्या सीटवर, थॉमस एडिसन. वय 71, कोट चुरगळलेला, कान जवळजवळ निकामी. त्यामुळे हा सगळा खडखडाट त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, आणि ते कमालीचे खूश आहेत. टायरवाले हार्वे फायरस्टोन जेवणाखाण्याच्या काळजीत. 55 वर्षांचे सडसडीत हेन्री फोर्ड मान कलती करून इंजिनाचा आवाज ऐकताहेत. आणि तुमच्या शेजारी ते लांब पांढऱ्या दाढीचे आजोबा म्हणजे जॉन बरोज, 81 वर्षांचे, पाखरांवर आणि रानावर लिहिणारे. मोटारींचा त्यांना मनापासून तिटकारा होता. तो घालवायला 1913 साली फोर्डनी त्यांना एक गाडीच भेट दिली. चालवायला शिकताना बरोजनी ती कोठाराच्या भिंतीतून पार बाहेर काढली. तरी आज आलेत. उगाच नाही मला हे आजोबा सगळ्यांत जास्त आवडत!

आता हवा बदलते. कॉनेल्सव्हिल जवळ आलं. इथे कोळशाचा कोक करतात. घुमटाच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्यांच्या रांगाच्या रांगा, आत लाल निखारा, वर पिवळट धूर. घशात गंधक उतरतं, डोळे चुरचुरतात. आणि नेमक्या याच गावात बॉनेटखालून खडाड् असा आवाज येतो. मग फुस्स. पांढरी वाफ उसळते, पाठोपाठ गरम गंजक्या पाण्याचा वास, आणि तुमच्या बुटांपुढे एक ओघळ वाहत येतो.

आपली पॅकार्ड मोटार बसली.

बॉनेट उघडल्यावर दिसतं काय, तर पंख्याचं एक पातं बुडाशी तुटून समोरच्या रेडिएटरमध्ये घुसलंय. चांगलं भगदाड पडलंय. गॅरेजातले कारागीर डोकी खाजवतात. नवीन भाग बाहेरून मागवायला हवा, म्हणजे दिवस मोडणार. फायरस्टोनांचा चेहरा उतरतो.

फोर्ड मात्र काही न बोलता अंगातला कोट काढतात. बाह्या वर सारतात. गाडी त्यांच्या कारखान्याची नाही, पण हात घालताना त्यांच्या ते मनातही येत नाही. तुम्ही पुढे सरका, दिवा धरायला कुणीतरी हवंच आहे. जवळून बघा ते हात. तुटलेल्या पात्याला काठाजवळ ड्रिलनं बारीक भोकं पाडतात, मागे राहिलेल्या खुंटालाही तशीच समोरासमोर. मग तांब्याची तार एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, ओढून ताठ. परत आत, परत बाहेर. वाकळेला टाके घालावेत तसं ते लोखंड शिवत जातात. तारेची टोकं पक्कडीनं पिळून बसवतात. मग रेडिएटरची पाळी. भगदाडाच्या कडा घासून लख्ख केल्या की डाग द्यायच्या तापलेल्या सळईवर कथील वितळतं, त्याचा तिखट धूर तुमच्या नाकात जातो, आणि चकचकीत डाग भोकावर पसरतो.

दाराशी गर्दी झाली आहे. कोळशानं काळवंडलेली माणसं, अनवाणी पोरं, कडेवर मूल घेतलेली एक बाई. मोटारवाला फोर्ड तो हाच का, अशी कुजबुज. घामाची धार फोर्डच्या नाकाच्या शेंड्यावरून इंजिनावर पडते. मला वाटतं, कारखान्यांचा हा धनी त्या सबंध प्रवासात इथे होता तितका सुखी कुठेच नसेल. मंडळी बाहेर पडली होती तीच मुळी यासाठी. शेकोटी, तारे, ताजी हवा हे सगळं होतंच, पण यंत्र मोडावं, चार दोस्तांनी त्याभोवती वाकावं आणि ते आपल्या हातांनी परत उभं करावं, ही चैन त्यांना कचेरीत कोण देणार होतं?

दोन तास. पाणी भरलं, इंजिन चालू झालं. पंखा फिरतोय, शिवलेलं पातं गरगरतंय, डागातून एक थेंबसुद्धा गळत नाही. पोरं आरडाओरडा करतात. तुमची बोटं तेलानं काळी झालीत, ती पँटला पुसू नका, डाग निघत नाही.

पुढे चढ. मागच्या फोर्ड ट्रकची पेट्रोलची टाकी सीटखाली असते आणि पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनात उतरतं. टाकी अर्धी झाली आणि चढ फार उभा असला की गाडी घुसमटून बंद पडते. अशा वेळी डोंगर उलटा चढायचा. तोंड दरीकडे, पाठ शिखराकडे, रिव्हर्स गिअर, आणि तुम्ही मागे बघत ओरडत राहायचं, डावीकडे घ्या, डावीकडे!

रात्री ओढ्याकाठी प्रत्येकाला वेगळा तंबू आणि एडिसनच्या बॅटरीवर पेटणारे विजेचे दिवे. अंग ठेचून निघालंय, पण तव्यावर मांस चरचरतंय आणि फोर्ड कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायची पैज लावायला माणूस शोधताहेत. तुम्ही हात वर केलात तर हरणार, हे आधीच सांगतो. तरी करा.

सकाळी फाटा लागतो. उजवीकडे खडी घातलेला नीट रस्ता. डावीकडे चिखल, मुळं, धोंडे. एडिसन पुढच्या सीटवरून हात करतात, अर्थात डावीकडे. फायरस्टोन टायरकडे बघतात. फोर्ड पाना-पक्कडीची पिशवी पायाशी ओढून घेतात.