उसनं आणलेलं यंत्र

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढताना पेशंट डाव्या कुशीवर असतो, छातीवर गार जेली. पडदा त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो माझं तोंड वाचतो. सव्वीस वर्षं मी इको टेक्निशियन होते. सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न एकच : "ताई, पंपिंग किती आलं?" सांगायची मुभा नव्हती. "डॉक्टर सांगतील," म्हणायचे. एका निवृत्त मास्तरांनी रिपोर्टवर ३५ वाचलं आणि खुशीत म्हणाले, "म्हणजे पास!" दहावीला पस्तीसला पास, खरंच. पण निरोगी हृदयसुद्धा दर ठोक्याला आतलं ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकतं. आणि औषधं चालू असूनही आकडा पस्तिशीवर किंवा खाली राहिला, तर छातीत शॉकचं यंत्र बसवायचं का, ही बोलणी सुरू होतात. मी नुसती हसले.

गंमत अशी, की हे तंत्र निघालं तेव्हा पंपिंग कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

स्वीडनमधल्या लुंडच्या इस्पितळात इंगे एडलर नावाचे हृदयाचे डॉक्टर होते. त्यांची अडचण झडपेची. अरुंद झालेली मायट्रल झडप शस्त्रक्रियेने मोकळी करता येऊ लागली होती. पण झडप अरुंद आहे की गळकी, हे आधी खात्रीने कळायचं नाही. रडार लावून आत बघता येईल का, असं त्यांनी हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला विचारलं. ज्यांच्या नावाने आपण हर्ट्झ मोजतो, ते हाइनरिश हर्ट्झ त्याच्या वडिलांचे काका. त्याने रडार बाजूला ठेवलं आणि १९५३ साली माल्मोच्या कोकम्स गोदीत गेला. (नाव वाचलं की मला आमसुलंच आठवतात.) तिथे जहाजाच्या पोलादातले दोष ध्वनिलहरींनी शोधायचं यंत्र होतं. हर्ट्झने ते स्वतःच्या छातीला लावलं, तर ठोक्याबरोबर हलणारा प्रतिध्वनी दिसला. शनिवारी यंत्र उसनं नेलं, सोमवारी परत केलं. पुढे सीमेन्सने एक यंत्र वापरायला दिलं आणि २९ ऑक्टोबर १९५३ला हलत्या हृदयाची पहिली नोंद झाली.

नोंद झाली, पण वाचली चुकीची. नोंदीत जोरात हलणारी एक रेघ होती, ती डाव्या कर्णिकेच्या भिंतीची, असं एडलरना वाटलं. मग त्यांनी जे केलं ते ऐकायला बरं वाटत नाही. मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या छातीवर लहरींची जागा आणि दिशा टिपून ठेवायची आणि माणूस गेल्यावर त्याच दिशेने बर्फ फोडायचा टोच्या आत घालायचा. टोच्या निघाला मायट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीतून. स्वतःचं वाचन असं तपासून घेणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. आकडा छापून आला की तोच खरा मानणारे मी पुष्कळ पाहिले.

अमेरिकेत इंडियानाला हार्वी फायगेनबाउम यांनी १९६३च्या सुमाराला मेंदू तपासायचं यंत्र हृदयाकडे वळवलं. हेही उसनंच! हृदयाभोवतीचं पाणी त्यांनी त्यावर शोधलं, डावा कप्पा मोजला, शिवाय डॉक्टर नसलेल्यांना हे काम शिकवलं. माझी भाकरी तिथून आली. पुढे एका रेघेऐवजी आख्खं चित्र दिसू लागलं. आता कप्प्याच्या, काकडीच्या असाव्यात तशा, चकत्या कल्पून यंत्र त्यांची बेरीज करतं आणि पंपिंगचा आकडा देतं.

हृदय फारच थकलं, औषधं पुरेनाशी झाली, की डाव्या कप्प्याला जोडायच्या पंपाचा विचार होतो. तेव्हा डॉक्टरांचा प्रश्न बदलतो. डावीकडचा पंप रक्त पुढे ढकलणार. पण ते त्याच्यापर्यंत पोचवणार उजवी बाजू. तीच लुळी असेल, तर पंप रिकामा फिरतो. म्हणून उजवीकडच्या झडपेचं कडं ठोक्याला किती सरकतं, तेही पाहतात. १७ मिलिमीटरच्या खाली गेलं की काळजी. निर्णय या एकाच मापावर होत नाही, पण हे माप आम्ही घेतो ते एडलरच्याच पद्धतीने, एका रेघेवर.

घरात असा रुग्ण असेल, तर पंपिंग विचाराच. पण डॉक्टरांना एवढंही विचारा, की उजवी बाजू कशी आहे?