काळ्या पाषाणातले शंख आणि बोरीची शाळा

आपल्या खानदेशच्या मातीखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर साचून तो झाला. दोन थरांच्या मध्ये केवढा काळ गेला असेल, याचा पुरावा देणाऱ्यांत एक नाव आहे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरला बँकेत असताना हिस्लॉप कॉलेजवरून माझं रोजचं जाणं-येणं होतं. हा माणूस कोण, ते मात्र निवृत्तीनंतर वाचनात आलं.

जन्म १८१७, स्कॉटलंड. धर्मप्रसारासाठी १८४५ मध्ये नागपूरला आले, मराठी शिकले, १८४६ मध्ये शाळा काढली. रिकाम्या वेळात हातोडी घेऊन दगड पाहायचे. १८५१ मध्ये सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांना नागपूरजवळ टाकळीला गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे अश्मीभूत शंख सापडले. म्हणजे एक थर निवल्यावर तिथे तळी झाली, जीव नांदले आणि मग पुढचा लाव्हा आला! चांद्याकडच्या मांगलीहून मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचं वर्णन तर लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केलं.

एवढं नाव झालं, तरी शाळा सुटली नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले होते. परतताना साहेब पुढे गेले, हिस्लॉप मात्र बोरीच्या शाळेतल्या मुलांची परीक्षा घ्यायला मागे थांबले. अंधारात पुराचा नाला ओलांडताना ते बुडाले. चार दिवसांनी ४६ पूर्ण झाली असती. गोंड लोकांविषयीची त्यांची टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. कॉलेज निघालं १८८३ मध्ये.

त्यांचा धर्मप्रसार कुणाला पटो न पटो. बड्या साहेबाची सोबत सोडून खेड्यातल्या पोरांसाठी थांबणं मला मोठं वाटतं. आपल्या सोसायटीत ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षक आहेत, आम्ही बँकवाले आहोत. पेन्शन वेळेवर येते, वेळही आहे. रौप्यमहोत्सवाच्या वर्षी प्रत्येकाने महिन्यातून एक दिवस जवळच्या जिल्हा परिषद शाळेत द्यावा, गणित शिकवावं, नाहीतर नाल्यातला दगड दाखवावा. पहिलं नाव माझं लिहून घ्या.