शाळेतले मामा आणि मावशी

शाळांच्या सुवर्णमहोत्सवी आणि अमृतमहोत्सवी स्मरणिका चाळण्याची मला जुनी खोड आहे. पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू, बोर्डी या आमच्या पट्ट्यात जुन्या शाळा पुष्कळ, त्यामुळे स्मरणिकांनाही तोटा नाही. त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते. पहिल्या पानावर संस्थापकांचे छायाचित्र, मग देणगीदारांची नामावली, मुख्याध्यापकांचे मनोगत, गुणवंतांची यादी, आणि अगदी शेवटी, आभाराच्या गर्दीत, एक ओळ: ‘शिक्षकेतर कर्मचारी वर्गाचेही सहकार्य लाभले.’ त्या ‘ही’पाशी मी दर वेळी अडतो. सकाळी शाळेचे कुलूप पहिल्याने उघडणारा आणि संध्याकाळी ते शेवटी लावणारा माणूस त्या एका अक्षरात बसवलेला असतो. यंदाच्या दिवाळीत राजेरजवाड्यांचा इतिहास थोडा बाजूला ठेवून या माणसाचा इतिहास सांगावा, असे म्हणूनच मनाने घेतले.

आधी त्याची नावे पाहू. शिपाई हा शब्द फारसीतला, ‘सिपाही’वरून आलेला. चपराशी म्हणजे चपरास, अर्थात बिल्ला, बाळगणारा. पट्टेवाल्याच्या तर नावातच पट्टा आहे. इंग्रजी कचेऱ्यांतून आपल्याकडे रुळलेला ‘प्यून’ हा मूळचा पोर्तुगीज शब्द. त्याचा अर्थ पायदळातला माणूस. हे पोर्तुगीज आमच्या भागाला काही परके नव्हेत. तारापूर, केळवे, माहीम येथे त्यांचे किल्ले होते आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला घेताना बाजी भिवराव कामी आले, ही गोष्ट येथल्या मुलांना अजून सांगतात. मौज अशी की या साऱ्या नावांत शाळा कुठेच नाही. सगळी नावे लष्करातली किंवा कचेरीतली. म्हणजे हा माणूस शाळेत आला तो हुकूम पोहोचवणारा म्हणून.

आणि ते खरेही आहे. पंतोजींच्या शाळेत शिपाई नव्हता. देवळाच्या ओसरीवर किंवा कुणाच्या पडवीत शाळा भरे. झाडलोट पोरेच करीत, धूळपाटीची धूळही तीच पसरीत. पुढे इंग्रजी अमदानीत हजेरीपट, तपासणी, खलिते, ठरलेल्या वेळा असा सगळा संसार शाळेत आला आणि त्याच्यामागून कागद नेणारा, टोल देणारा, साहेब आला की खुर्ची पुसणारा माणूसही आला. त्याला नाव मिळाले कचेरीचे आणि दर्जा मिळाला हुकुमाच्या ताबेदाराचा. शिकण्या-शिकवण्याशी त्याचे काही नाते आहे, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

त्या नात्याचा एक फार जुना दाखला मात्र महाराष्ट्रात आहे. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शाळेत जाऊ लागल्या की रस्त्यात त्यांच्यावर शेणमातीचा मारा होई, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. त्यांच्या सोबतीला बळवंत सखाराम कोल्हे नावाचे शिपाई होते. त्या रस्त्यावरच्या छळाच्या ज्या आठवणी आज आपल्यापर्यंत पोहोचल्या, त्यांतल्या काही या कोल्ह्यांनी सांगितलेल्या आहेत. विचार करावा तो असा: एवढ्या मोठ्या पर्वाचा जवळून पाहिलेला साक्षीदार कोण, तर शाळेचा शिपाई. शिकवणाऱ्या बाई वर्गात पोहोचल्या तर शाळा भरणार. आणि त्या पोहोचाव्यात म्हणून कुणीतरी सोबत चालले. शाळेच्या इतिहासात या चालण्याला काही किंमत आहे की नाही?

आता आपल्या भागाकडे वळतो. १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी ताराबाई मोडक आल्या. वय त्रेपन्न. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे मोठे काम करून, नूतन बालशिक्षण संघाची धुरा वाहून त्यांनी नाव मिळवले होते. शहरातले काम सोडून खेड्यातल्या मुलांसाठी काही करावे म्हणून त्या समुद्रकाठच्या या गावात उतरल्या. पस्तिशीच्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण पाड्यावरची आणि दलित वस्तीतली मुले काही तेथवर येईनात. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असे या बाईंनी ठरवले. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर बोलला जाणारा शब्द त्या विचारातून आला. पुढे १९५६-५७च्या सुमारास हे सारे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तेथे कुरणशाळाही भरली.

बालवाडीचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक असते की गाणी-गोष्टींच्या आधी तेथे बरेच काही घडावे लागते. मुलांना घरून गोळा करून आणायचे, नाक-डोळे पुसायचे, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचे, खाऊ वाटायचा, जागा पुन्हा स्वच्छ करायची. यांतले शिक्षण कुठले आणि चाकरी कुठली, हे सांगता येईल काय? मादाम माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले तेव्हा झाडणे, पुसणे, भांडी विसळणे, ताट मांडणे हे मुलांच्या अभ्यासातच घातले. इकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देणाऱ्या नयी तालीमचा विचार देशापुढे आला. त्या शाळांतून सफाई हा शिक्षणाचाच भाग झाला. या दोन्ही वाटा ताराबाईंच्या कामात येऊन मिळाल्या. ज्या शाळेत गुरुजी आणि मुले हातात केरसुणी घेतात, तेथे केरसुणीवाल्या मावशींकडे खालच्या नजरेने पाहण्याची कुणाची छाती होत नाही. कामाची प्रतिष्ठा भाषणाने वाढत नाही, ते काम आपणही केल्याने वाढते. हा धडा आमच्या जिल्ह्याने फार पूर्वी गिरवला होता. मुलांनी झाडले म्हणजे मावशींची गरज संपली, असा मात्र त्याचा अर्थ कुणी काढू नये. आईला घरकामात हात लावला म्हणून घरात आई नको, असे कुणी म्हणत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी खेडोपाडी गेली. तिच्यात दोन बायका: एक सेविका, एक मदतनीस. शिकवणे, नोंदी ठेवणे सेविकेकडे. स्वयंपाक, झाडलोट, मुले आणणे मदतनिसाकडे. दोघींनाही पगार नाही, ‘मानधन’. मानधन हा शब्द मोठा गोड आहे. धन थोडे असले तर त्यात मान घालून वजन पुरे करता येते! या बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, संप केले. अखेर एप्रिल २०२२ मध्ये गुजरातेतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे. म्हणजे त्या ‘मानसेवी’ नव्हेत, कामकरी आहेत, हे मान्य व्हायला सत्तेचाळीस वर्षे लागली.

खासगी शाळांतल्या शिपायांची कथाही अशीच आहे. संस्थाचालकांची मर्जी हाच जेथे कायदा होता, तेथे १९७७चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला आणि १९८१ साली त्याची नियमावली. या कायद्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यात ‘कर्मचारी’ या शब्दात शिक्षक आणि शिक्षकेतर दोघेही येतात. कामावरून काढले तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क मुख्याध्यापकाला जसा, तसाच शिपायालाही. कौतुकाच्या शंभर सत्कारांपेक्षा हे एक कलम वजनदार आहे. ज्याला उद्याच्या भाकरीची शाश्वती आहे त्यालाच शालीची ऊब लागते; नाही तर शाल ही नुसती शाल.

पण कायद्याने शाश्वती येते, आपुलकी येत नाही. ती शाळेनेच द्यावी लागते. १९५८ पासून शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार आहेत, १९६२ पासून ५ सप्टेंबरला शिक्षकदिन आहे. त्या दिवशी मुले मला गुलाबाचे फूल देतात. फुलांची टोपली उचलून आणणाऱ्या मामांना फूल देण्याचे कुणाला सुचतेच असे नाही. आमच्याकडे शाळेतल्या शिपायाला मामा किंवा काका म्हणतात, बाईंना मावशी. संबोधने मायेची खरी; पण कधी कधी त्या मायेखाली माणसाचे नाव गडप होते. दहा वर्षे शाळेत काढलेल्या मुलांना मामांचे पूर्ण नाव विचारा; निम्मी मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील.

आमच्या भागातल्या एका मुख्याध्यापिकेने रुजू झाल्यावर पहिली गोष्ट केली ती ही की शिक्षकांच्या बैठकीला मामांना आणि मावशींना बोलावले. खुर्च्या दिल्या. विषय निघाला होता मधल्या सुट्टीनंतर मुले वर्गात उशिरा येतात, त्याचा. कुणी म्हणाले दंड करा, कुणी म्हणाले उभे करा. मुख्याध्यापिकेने मामांना विचारले, ‘मामा, तुम्हांला काय वाटते?’ मामा आधी उठून उभे राहिले. बाईंनी त्यांना बसायला लावले. मग ते म्हणाले, ‘बाई, नळ दोन आणि पोरं चारशे. शेवटच्या पोराला पाणी मिळेस्तोवर घंटा होते.’ दुसऱ्या दिवसापासून लहान वर्गांची सुट्टी दहा मिनिटे आधी सुरू झाली. दंडाचे नावही निघाले नाही. मामांना त्या दिवशी ना बक्षीस मिळाले ना हार. पण त्यानंतर गळकी तोटी, सैल बिजागरी, जिन्यावरचे शेवाळ यांची वर्दी कुणी न मागता बाईंच्या टेबलावर येऊ लागली. माणसाला कामाचा हुरूप कशाने येतो, याचे उत्तर मला त्या दोन नळांत सापडले.

बोईसर-तारापूरच्या शाळांत तर या माणसांवाचून पान हलत नाही. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, देशातले पहिले. मग औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या चारही दिशांनी कामकरी आले. आज एकाच बाकावर वारली पाड्यावरचे मूल, मांगेल्याचे मूल आणि बिहार-ओडिशातून आलेल्या कामगाराचे मूल शेजारी शेजारी बसते. आम्ही मास्तर प्रमाण मराठीत ‘दप्तर उघड’ म्हणतो आणि पहिलीतले पोर भिंतीकडे पाहत राहते. दारातल्या मावशी त्याच पाड्यावरच्या असतात. त्या त्याच्या बोलीत दोन शब्द बोलतात आणि पोराचे तोंड उघडते. कुणाचा बाप पाळीवर गेला, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाची बहीण आजारी, हे आमच्या हजेरीपटात नसते. मावशींना ते ठाऊक असते. हे ज्ञान नेमणूकपत्राबरोबर येत नाही. वीस-तीस वर्षे एका ओसरीवर काढल्याने येते.

म्हणूनच ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाची मला काळजी वाटली. अनुदानित खासगी शाळांतली चतुर्थश्रेणीची पदे, असलेला माणूस निवृत्त झाला की संपुष्टात यायची आणि शाळेला त्याऐवजी ठोक ‘शिपाई भत्ता’ मिळायचा, असे त्यात ठरले. ग्रामीण भागातल्या शाळेसाठी तो भत्ता महिना पाच हजार रुपये. हिशेबाच्या वहीत हे सोपे दिसते. पण पाच हजारांत जो येईल तो टिकेल किती? चार-सहा महिन्यांत बोईसरच्या कारखान्यात त्याहून बरे काम मिळाले की तो जाणार, आणि त्याने का जाऊ नये? मग नवा माणूस येणार. त्याला मुलांची नावे ठाऊक नसणार, मुलांना त्याचे. शाळेत मामा राहतील, पण तो नुसता शब्द होईल. ज्याला धरून लहान पोर रडत उभे राहावे असा माणूस त्यामागे नसेल.

जुन्या मामांच्या निरोपसमारंभात आपण नारळ देतो, ‘यांची उणीव भासेल’ असे म्हणतो. उणीव भासेल हे खरे. पण ती भरून काढायची जागाच ठेवली नाही तर त्या नारळाला काय अर्थ? गौरव माणसाचा करावा आणि पद मात्र मोडीत काढावे, हे तर एका हाताने ओवाळून दुसऱ्या हाताने निरांजन विझवण्यासारखे झाले.

असो. सणासुदीच्या दिवसांत फार कडू बोलू नये. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा शाळांना सुट्टी लागलेली असेल. आम्ही शिक्षक मंडळी गावी गेलेली असू. शिक्षकेतरांना मात्र आमच्यासारखी लांबलचक सुट्टी नसते. लक्ष्मीपूजन-पाडवा आटोपला की मामा कार्यालयाचे दार उघडतील, टपाल घेतील, कुंड्यांना पाणी घालतील, पावसाळ्याने फुगलेली खिडकी रंधून घेतील. मावशी फळ्यांवरची सहामाहीची शेवटची अक्षरे पुसतील. सुट्टी संपून मुले धावत वर्गात शिरतील तेव्हा बाक स्वच्छ असतील, माठ भरलेला असेल, आणि हे सगळे कुणी केले असा प्रश्न एकाही मुलाला पडणार नाही. तो प्रश्न फराळाच्या ताटावर, आपल्या घरात, त्याला आधीच कुणी घालून ठेवला तर बरे होईल.